इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णांची विशेष काळजी: क्षयरोग, गरोदरपण, मूत्रपिंड, यकृत आणि वय

शिरपूर तालुक्यातील एका औषधविक्रेत्यांनी विचारले आहे की, त्यांच्या दुकानातून सध्या पाच जण दरमहा इमॅटिनिबच्या, म्हणजे मुख्यतः रक्ताच्या एका कर्करोगावरील, गोळ्या नेतात. त्यांत एक नवविवाहित तरुणी आहे, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले सत्तरीचे एक शेतकरी आहेत, गेल्या महिन्यात क्षयरोगाचे निदान झालेला एक तरुण आहे, दहा वर्षांचा एक मुलगा आहे आणि जठरातील ‘जिस्ट’ नावाच्या गाठीसाठी हे औषध घेणारे एक गृहस्थ आहेत. गोळी एकच असताना प्रत्येकाची काळजी वेगळी का, आणि दुकानात समोर उभ्या असलेल्या रुग्णाला आपण नेमके काय विचारावे, असा त्यांचा प्रश्न आहे. जळगाव जिल्ह्यात रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण तपासण्यात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न एखाद्या औषधविक्रेत्याने आपणहून विचारावा, याचा मला मनापासून आनंद झाला आहे, कारण माझ्या अनुभवात इमॅटिनिबमुळे झालेला बहुतेक त्रास त्या गोळीपेक्षा तिच्या शेजारी ठेवलेल्या, पण मूळ डॉक्टरांना कधीच न सांगितलेल्या दुसऱ्या गोळीमुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे झालेला आहे.

औषधाचे काम थोडक्यात सांगते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे ज्याला आपण सीएमएल म्हणतो, त्या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांशी अदलाबदल होऊन जुळतात. त्यातून तयार होणारे लहान गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात प्रथम दिसले. या जोडणीतून बीसीआर-एबीएल नावाचे एक प्रथिन तयार होते आणि ते पांढऱ्या पेशींना सतत वाढण्याचा हुकूम देत राहते. इमॅटिनिब नेमके त्याच प्रथिनाच्या खाचेत बसून तो हुकूम थांबवते, म्हणून त्याला लक्ष्यवेधी औषध म्हणतात. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील पेटंटचा दावा फेटाळल्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग निर्वेध राहिला. त्यामुळेच आज ही गोळी शिरपूरच्या दुकानातही सहज मिळते. परंतु ‘लक्ष्यवेधी’ या शब्दाने एक गैरसमज पसरला आहे, तो असा की हे औषध फक्त कर्करोगाच्या पेशीलाच लागते आणि बाकीच्या शरीराला त्याची दखलही नसते. प्रत्यक्षात ते यकृतात सीवायपी-३ए-४ नावाच्या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) मोडले जाते, ज्या वाटेने इतर अनेक औषधे जातात, आणि बीसीआर-एबीएलखेरीज शरीरातील आणखी काही प्रथिनांनाही ते अडवते. रुग्णागणिक काळजी बदलते ती या दोन कारणांमुळे.

आपल्या पाच रुग्णांपैकी सर्वांत तातडीचा रुग्ण कोण, असे मला विचाराल तर मी क्षयरोग झालेल्या त्या तरुणाचे नाव घेईन. क्षयरोगाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन हे औषध यकृतातील तेच विकर मोठ्या प्रमाणात वाढवते, आणि इमॅटिनिब शरीरातून इतक्या वेगाने बाहेर टाकले जाते की रक्तातील त्याची एकूण मात्रा सुमारे ७४ टक्क्यांनी घटते. म्हणजे तो तरुण रोज ४०० मिलिग्रॅमची गोळी नेमाने गिळत असला, तरी शरीराच्या दृष्टीने तो जेमतेम १०० मिलिग्रॅमवर आहे. हे बाहेरून दिसत नाही. काही आठवड्यांनी पांढऱ्या पेशी वाढू लागतात, बीसीआर-एबीएलचा अहवाल बिघडतो, आणि मग गोळी निकामी झाली किंवा कंपनी बदलल्याने असे झाले, असा निष्कर्ष काढला जातो.

इथे आपल्या भागातील एक व्यवहाराची अडचण लक्षात घेतली पाहिजे. क्षयरोगाची औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, त्यामुळे त्यांची चिठ्ठी आपल्या दुकानात कधी येतच नाही. क्षयरोग केंद्रातील कर्मचाऱ्यांना रुग्ण ‘रक्ताची गोळी चालू आहे’ एवढेच सांगतो, आणि ते रक्तवाढीची गोळी समजतात. म्हणून आपणच विचारावे. क्षयरोग हा शब्द चारचौघांत उच्चारायला लोक कचरतात, त्यामुळे “लघवी केशरी रंगाची होते का?” असा साधा प्रश्न हळू आवाजात विचारला तरी पुरे, कारण रिफॅम्पिसिनची ती खूण चुकत नाही. उत्तर होकारार्थी आले तर दोन्ही औषधांपैकी एकही बंद करायला सांगू नये, मात्र दोन्ही डॉक्टरांना त्याच दिवशी एकमेकांची चिठ्ठी पोहोचेल असे पाहावे. अशा वेळी आम्ही इमॅटिनिबची मात्रा साधारण निम्म्याने तरी वाढवण्याचा, रक्ततपासणी वारंवार करण्याचा किंवा क्षयरोगाच्या औषधांत बदल शक्य आहे का हे तिथल्या तज्ज्ञांशी बोलून ठरवण्याचा विचार करतो. यकृताच्या चाचण्याही अधिक वेळा कराव्या लागतात, कारण क्षयरोगाची तीन प्रमुख औषधे आणि इमॅटिनिब, असे चारही जण यकृताला त्रास देऊ शकतात. सहा महिन्यांनी रिफॅम्पिसिन थांबले की त्याचा प्रभाव साधारण दोन आठवड्यांत ओसरतो आणि वाढवलेली मात्रा तशीच चालू राहिली तर ती आता जास्त ठरते. उपचार पूर्ण झाल्याचा आनंदाचा दिवस म्हणूनच आम्हाला कळवायचा दिवस असतो.

मिरगीची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही औषधेही इमॅटिनिबचा असर अशाच रीतीने कमी करतात. मिरगीचा रुग्ण वर्षानुवर्षे तीच गोळी घेत असल्यामुळे ती आता ‘औषध’ आहे हेच घरच्यांच्या लक्षात राहत नाही. “दुसरे काही औषध चालू आहे का?” असे विचारल्यावर “नाही” असे उत्तर मिळते आणि “फिटची गोळी?” असे विचारल्यावर “ती तर लहानपणापासून आहे” असे कळते. त्यामुळे सर्वसाधारण प्रश्नावर थांबू नये. नावे घेऊन विचारावे.

याच्या उलट बाजूची औषधे इमॅटिनिबचे रक्तातील प्रमाण वाढवतात, आणि त्यांतील एक औषध आपल्या काउंटरवरून रोज जाते. उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या घामात खान्देशात गजकर्णाचे रुग्ण घरोघरी असतात आणि इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल अनेकदा चिठ्ठीशिवाय मागितल्या जातात. इमॅटिनिब घेणाऱ्याला ती कॅप्सूल मूळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. केटोकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांचेही तेच. फळांमध्ये ग्रेपफ्रूट टाळावे, आणि त्याच घराण्यातील पपनस, ज्याला चकोतराही म्हणतात, तेही टाळलेले बरे. इमॅटिनिब स्वतःही काही औषधांची वाट अडवते: कोलेस्टेरॉलसाठीच्या सिम्वास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण त्यामुळे साडेतीन पट वाढते आणि स्नायूंचे दुखणे, अशक्तपणा असा त्रास उद्भवू शकतो. हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवण्यासाठी दिले जाणारे वॉर्फरिन आणि निकूमॅलोन यांचा प्रभाव बेभरवशाचा होऊन रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अशा रुग्णांचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा लागतो. जिथे शक्य असेल तिथे आम्ही हेपरिनच्या गटातील इंजेक्शने पसंत करतो. थायरॉइड ग्रंथी काढलेल्या आणि थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णांत इमॅटिनिब सुरू झाल्यावर थायरॉक्सिन कमी पडू लागते, तेव्हा टीएसएचची, म्हणजे थायरॉइडचे काम दाखवणाऱ्या रक्तातील संप्रेरकाची, तपासणी जवळजवळच्या अंतराने करावी.

आता त्या नवविवाहित तरुणीविषयी. तिच्याविषयी मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला नाही तर बोलणी तिलाच खावी लागतात, आणि तिच्या आजाराची माहिती सासरच्या सर्वांना असतेच असे नाही. इमॅटिनिब चालू असताना गर्भधारणा होऊ देऊ नये. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे औषध घेत असताना गरोदर राहिलेल्या १८० स्त्रियांची नोंद होती. ज्या १२५ जणींचे पुढे काय झाले ते कळले, त्यांपैकी निम्म्यांना निरोगी बाळे झाली, मात्र १२ गर्भांत व्यंगे आढळली, आणि त्यांपैकी काहींत हाडांची, मूत्रपिंडांची व पोटाच्या भिंतीची गंभीर व्यंगे होती. गर्भाचे अवयव घडण्याचा काळ पहिल्या तीन महिन्यांचा असतो, म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत तो काळ सुरू झालेला असतो. त्यामुळे गर्भनिरोधनाचा विषय पहिल्याच भेटीत, पतीसमोर आणि संकोच न ठेवता काढावा लागतो. गोळी चालू असेपर्यंत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बंद केल्यानंतरही किमान पंधरा दिवस खात्रीचे साधन वापरावे. पाळीत रक्तस्राव फार होत असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर तांबी बसवण्यापूर्वी आम्हाला विचारावे. रिफॅम्पिसिन किंवा फेनिटॉइन घेणाऱ्या स्त्रीला गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, कारण त्यांचा असरही तीच औषधे घटवतात.

तरीही गर्भ राहिलाच तर काय, हा प्रश्न आपल्यासमोर कधी तरी येईलच, आणि तो बहुधा गर्भतपासणीची पट्टी घेण्याच्या निमित्ताने येईल. अशा वेळी घाबरवणारे एकही वाक्य बोलू नये. तिने त्याच दिवशी आम्हाला फोन करावा, एवढे पाहावे. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत गोळी थांबवणे बहुतेक वेळा आवश्यक असते, पण ती थांबवून त्याऐवजी काय करायचे, हे तिच्या आजाराच्या सद्यःस्थितीवर ठरते. काहींना नुसत्या तपासण्यांवर ठेवता येते. काहींना इंटरफेरॉन द्यावे लागते, जे गर्भासाठी तुलनेने सुरक्षित मानले जाते. मला जी गोष्ट सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती निराळीच आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातील तरुणीने कोणाला न विचारता गोळी बंद केली, कारण गोळीने बाळ पांगळे होते असे तिला कोणी तरी सांगितले होते, आणि सातव्या महिन्यात ती आली तेव्हा प्लीहा बेंबीपर्यंत वाढलेली आणि पांढऱ्या पेशी लाखाच्या पुढे गेलेल्या होत्या. तिला सांगणाऱ्याचे म्हणणे पूर्ण खोटे नव्हते, ते अर्धेच होते.

मूल हवे असलेल्या स्त्रीला मी कधीही ‘आता तो विचार सोडा’ असे सांगत नाही. बीसीआर-एबीएलचे प्रमाण अत्यंत खोलवर गेलेले असून ते निदान दोन वर्षे तसेच टिकलेले असेल आणि औषध पुरेशी वर्षे घेतलेले असेल, तर नियोजन करून, दर महिन्याला रक्त तपासत, गोळी थांबवता येते. अशा प्रकारे गोळी थांबवलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांत आजार पुन्हा डोके वर काढतो, तोही बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर जवळपास सर्वांचा तो आटोक्यात येतो. हा मार्ग वेळखाऊ आहे, म्हणून लग्नाच्या आधीच त्याची चर्चा झालेली चांगली. सासूबाईंना सोबत बोलवा, असे मी स्वतः सांगते, कारण त्यांना कारण नीट समजले की बहुतेक घरांतील तगादा थांबतो. बाळंतपणानंतर इमॅटिनिब पुन्हा सुरू झाले की अंगावर पाजता येत नाही, कारण ते दुधात उतरते. औषध थांबवल्यावरही किमान महिनाभर पाजू नये. आजाराची स्थिती अनुमती देत असेल तर सुरुवातीचे दिवस बाळाला दूध मिळावे म्हणून गोळी थोडी उशिरा सुरू करता येते का, हेही विचारायला हरकत नाही. पुरुष रुग्णांच्या बाबतीत, वडील हे औषध घेत असताना झालेल्या मुलांमध्ये व्यंगांचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही, त्यामुळे केवळ मूल हवे म्हणून पुरुषाने गोळी थांबवण्याची सहसा गरज नसते.

या तरुणीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगायची राहून जाते. इमॅटिनिब त्वचेतील रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींनाही थोडे अडवते, त्यामुळे आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत चेहरा आणि हात फिकट पडतात, क्वचित डाग दिसतात. गावात त्याला कोड म्हटले जाते आणि मुलीने गोळी सोडण्यामागे हेही कारण असते. हे कोड नव्हे, ते संसर्गजन्य नाही आणि औषध कमी किंवा बंद झाल्यावर रंग बहुधा परत येतो, एवढे आपण दुकानात सांगितले तरी तिला मोठा आधार मिळेल. फिकट झालेली त्वचा उन्हाने लवकर भाजते, म्हणून शेतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रुमाल हवाच.

सत्तरीच्या शेतकरीबाबांचे क्रिएटिनीन आपण १.४ असे कळवले आहे आणि ‘थोडेसेच वाढलेले’ असे म्हटले आहे. या आकड्याने पुष्कळांची फसगत होते. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होते, आणि ज्याच्या अंगावर मांसच उरलेले नाही त्याचा आकडा मुळातच कमी यायला हवा. सत्तर वर्षांच्या, ४८ किलो वजनाच्या माणसाचे क्रिएटिनीन १.४ असेल तर हिशेबाने त्याच्या मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर निघते, आणि तेवढेच क्रिएटिनीन असलेल्या तिशीच्या, ७० किलोच्या तरुणाची ती ७६ निघते. गाळणक्षमता २० ते ३९ च्या दरम्यान असेल तर इमॅटिनिब नेहमीच्या निम्म्या मात्रेने सुरू करावे आणि सोसेल तसे वाढवावे, असा नियम आहे. ते बाबा ४०० मिलिग्रॅमवर असतील तर त्यांची गोळी आपण कमी करू नये, पण त्यांचे वजन, वय आणि क्रिएटिनीन एका कागदावर लिहून तो कागद घेऊन त्यांना परत पाठवावे.

अशा माणसाला कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा तशाच वेदनाशामकाची गोळी, आणि त्याहून वाईट म्हणजे दर आठवड्याला इंजेक्शन, हा मूत्रपिंडावरचा दुसरा घाव असतो. पॅरासिटामॉल तुलनेने बरे, पण तेही मोजकेच, कारण इमॅटिनिब यकृतातील त्याच्या विल्हेवाटीत अडथळा आणते. वृद्धांत अंगावर पाणी धरणे अधिक आढळते. सकाळी उठल्यावर पापण्या सुजतात, आणि “डोया सुजी ग्यात” असे सांगत आलेल्या आजींना मी वर्षानुवर्षे पाहते आहे. नुसत्या पापण्या सुजणे बहुधा निरुपद्रवी असते. परंतु ज्यांना हृदयाचा आजार आहे त्यांनी दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करावे. आठवड्यात दोन किलोहून अधिक वाढ, आडवे पडल्यावर दम लागणे किंवा पाय घोट्यापासून वर सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मधुमेही रुग्णांत या औषधाने साखर कमी झाल्याच्याही नोंदी आहेत, त्यामुळे ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी सुरुवातीचे काही आठवडे साखर जास्त वेळा तपासावी. केळी चालतात का, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात विचारला नाही असा रुग्ण विरळा. इमॅटिनिबचे केळ्याशी वैर नाही, पण मूत्रपिंड कमजोर असून रक्तातील पोटॅशियम वाढलेले असेल तर केळी बेतानेच खावीत.

यकृताविषयी मला विशेष काळजी वाटते, ती आपल्याकडच्या कावीळ उतरवण्याच्या पद्धतीमुळे. डोळे पिवळे झाले की रुग्ण आधी गावात काविळीचे औषध देणाऱ्या माणसाकडे जातो, तिथे पाला किंवा काढा मिळतो, पथ्य सांगितले जाते, आणि दरम्यान इमॅटिनिब चालूच राहते. पण पिवळेपणाचे कारणच इमॅटिनिब असेल तर ते तेव्हाच थांबायला हवे असते. बिलिरुबिन नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून किंवा यकृताची विकरे पाचपटीहून वर गेल्यास आम्ही गोळी थांबवतो आणि आकडे खाली आल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करतो. मुळातच यकृताचा गंभीर आजार असणाऱ्यांना मात्रा सुमारे एक चतुर्थांशाने कमी दिली जाते. मोहाची असो वा दुकानातली, दारू या सर्व रुग्णांनी सोडावी. शिवाय हिपॅटायटिस बी शरीरात दबून बसलेला असेल तर या गटातील औषधांमुळे तो पुन्हा उफाळून येऊ शकतो आणि यकृत निकामी होऊ शकते, म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी त्याची तपासणी व्हायलाच हवी. ज्या रुग्णाच्या फायलीत हा अहवाल नाही, त्याने तो उशिरा का होईना, करून घ्यावा.

नंदुरबारकडच्या, विशेषतः धडगाव आणि अक्कलकुवा भागातील रुग्णांत सिकलसेलचा विचार करावा लागतो. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्याला इमॅटिनिब सुरू झाले तर दोन्ही औषधे मिळून अस्थिमज्जेवर दाब आणतात, त्यामुळे रक्तपेशींची मोजणी अधिक वेळा करावी लागते. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हजाराच्या खाली किंवा प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली गेल्यास औषध तात्पुरते थांबवले जाते. अशा दिवसांत ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवणे धोक्याचे आहे.

दहा वर्षांच्या मुलाची मात्रा त्याच्या शरीराच्या पृष्ठभागावरून, चौरस मीटरला ३४० मिलिग्रॅम या हिशेबाने ठरते, म्हणून वाढत्या वयात ती पुन्हा पुन्हा मोजावी लागते. मुलांची उंची या औषधाने कमी वेगाने वाढते, तेव्हा घराच्या भिंतीवर दर तीन महिन्यांनी खूण करा, असे मी आईवडिलांना सांगते. गोळी गिळता येत नसेल तर ती पाण्यात विरघळवता येते, १०० मिलिग्रॅमसाठी सुमारे ५० मिलिलिटर पाणी लागते, आणि ती लगेच प्यावी लागते. कुटून भुकटी करू नये, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने त्या भुकटीला हात लावू नये. जिवंत विषाणूंच्या लशी देण्यापूर्वी आम्हाला विचारावे.

जिस्टच्या रुग्णासाठी सूचना एकच, पण ती विसरता कामा नये. औषध लागू पडून गाठ मऊ होत असताना तिच्यातून रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखी काळी शौच, अचानक चक्कर किंवा पोटात असह्य दुखणे ही रात्री दोन वाजताही रुग्णालयात जाण्याची कारणे आहेत. ते लोहाच्या गोळ्या घेत असतील तर त्यांनीही शौच काळी होते, हे लक्षात ठेवून तरीही तपासून घ्यावे.

उपवासाचे कसे करायचे, हे मला श्रावणात आणि रमजानमध्ये हमखास विचारले जाते. गोळी रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ आणि जठराची जळजळ होते. दिवसातील मोठ्या जेवणाबरोबर आणि पेलाभर पाण्याबरोबर ती घ्यावी. एकवेळ जेवणाऱ्यांनी त्या जेवणासोबत, रोजा ठेवणाऱ्यांनी इफ्तारनंतरच्या जेवणासोबत घेतली तर दिवसातून एकदा घ्यायच्या मात्रेत अडचण येत नाही. मात्र ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत, त्यांनी उन्हाळ्यात निर्जळी उपवास करू नये. उपवासाच्या निमित्ताने गोळी सोडणे त्याहून घातक आहे. लंडनमधील ८७ रुग्णांच्या २०१० सालच्या एका अभ्यासात, ठरलेल्या मात्रांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्के रुग्णांत सहा वर्षांत समाधानकारक खोल प्रतिसाद (म्हणजे बीसीआर-एबीएलचे प्रमाण खूप खाली जाणे) दिसला, आणि त्याहून कमी घेणाऱ्यांत तो केवळ २८ टक्क्यांना मिळाला. महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की आपण या सीमेवर येतो. आपल्या नोंदवहीत आधीच्या खरेदीची तारीख आहेच. तीस गोळ्यांचा रुग्ण चाळीसाव्या दिवशी आला तर मधले दहा दिवस गोळी का चुकली, हे रागावून नव्हे, चौकशीच्या सुरात विचारावे. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, हेही त्याच वेळी सांगावे.

शेवटी आपल्या हवेविषयी. जळगाव, भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि या गोळ्या ३० अंशांच्या वर ठेवू नयेत, असे पाकिटावरच लिहिलेले असते. दुचाकीच्या डिकीत, पत्र्याच्या घराच्या खिडकीत किंवा देवघरातील समईजवळ त्या ठेवल्या जातात, हे मी पाहिले आहे. ज्यांचे जुने धाब्याचे घर आहे त्यांनी आतल्या खोलीतील भिंतीतल्या फडताळात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना एप्रिल ते जून या काळात तीन महिन्यांचा साठा एकदम देऊ नये, दर महिन्याला तीस गोळ्याच द्याव्यात, आणि त्या नेण्यासाठी आलेल्याला क्षयरोग, मिरगी, गजकर्ण, पाळी आणि दुखण्याची गोळी यांविषयी त्याच वेळी एकेक करून विचारून घ्यावे.